टायर बदलताना गाडी जॅकवरून सरकली: नेमकं काय झालं आणि जोर कधी लावायचा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. म्हणजे झालं असं की कधी वेळ आली तर जमावं म्हणून तुम्ही घरासमोरच चांगल्या टायरवर प्रॅक्टिस करायला घेतली, गाडी पहिल्या गियरमध्ये टाकली, पुढचं चाक जॅकने उचललं आणि मग नट खोलायला बसलात. नट हलेना म्हणून पान्यावर जोर दिला तर नट सुटायच्या ऐवजी चाकच फिरलं, गाडी वीतभर सरकली आणि जॅक तिरका झाला. घाबरून तुम्ही गाडी खाली घेतली आणि आता विचारताय की आपल्यात तेवढी ताकद नाहीये का, आणि रात्री एकटीने हायवेवर पंक्चर झालं तर हे करायचं की नाही.

पहिलं म्हणजे जॅक तिरका झाल्याबरोबर थांबलात ते अगदी बरोबर केलंत. दुसरं म्हणजे हा ताकदीचा प्रश्नच नाहीये. मी बरीच वर्षं रस्त्यात अडकलेल्या गाड्यांना मदत करायचं काम करतोय, त्यात टायरचे कॉल सगळ्यात जास्त, आणि चांगले धडधाकट लोक हाच गोंधळ करून बसलेले बघतो. क्रम चुकला की कितीही ताकद असली तरी उपयोग नाही, उलट जितकी ताकद जास्त तितकी गाडी पटकन पडते.

तर आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या, बाकी सगळं त्यातूनच येतं. जोराची सगळी कामं चाक जमिनीला टेकलेलं असताना करायची. गाडी जॅकवर असताना फक्त बोटांनी होतील तीच कामं. गाडीबरोबर जो कात्रीसारखा जॅक येतो त्याचं बूड जेमतेम तळहाताएवढं असतं, तो सरळ वरून आलेलं वजन छान पेलतो पण आडवा धक्का त्याला सहन होत नाही. घट्ट नटावर जोर देणं, अडकलेलं चाक ओढणं, शेवटचं घट्ट करणं, हे सगळे आडवे धक्केच आहेत.

आता तुमची गाडी सरकली का ते सांगतो, कारण गियरमध्ये टाकली म्हणजे गाडी जागेवर राहणार हा समज जवळजवळ सगळ्यांचाच असतो. बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये इंजिनची ताकद पुढच्या दोन चाकांना जाते आणि त्या दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल असतं, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारा गियरचा संच. गाडी गियरमध्ये लॉक असली तरी डिफरन्शियलमुळे एक चाक एका दिशेला आणि दुसरं बरोबर उलट दिशेला फिरू शकतं. दोन्ही चाकं जमिनीवर असतात तेव्हा तसं होत नाही, कारण दोघांना एकाच दिशेला जावं लागतं आणि गियर ते जाऊ देत नाही. पण एक चाक हवेत गेलं की ते मोकळं झालं. तुम्ही पान्याने हवेतलं चाक फिरवलंत, जमिनीवरचं दुसरं चाक उलटं फिरलं, आणि गाडी सरकली. म्हणजे त्या क्षणी गियरचा काही उपयोग नव्हता, गाडी धरून ठेवायची सगळी जबाबदारी हँडब्रेकवर होती, आणि तो बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांवर असतो. तुम्ही लिहिलंय की हँडब्रेक "बहुतेक लावला होता", माझ्या मते तो पूर्ण ओढलेला नव्हता किंवा तो ढिला झालाय. ऑटोमॅटिक गाडीत पी वर टाकलं तरी हाच प्रकार होतो.

मागचं चाक बदलायचं असेल तर अशा गाडीत हाच गियर कामाला येतो, पण मग हँडब्रेक मागच्या एकाच टेकलेल्या चाकावर उरतो. मागच्या चाकांना ताकद असलेल्या गाडीत मागचं चाक उचललं तर गियरही गेला आणि हँडब्रेकही अर्धा. एवढं सगळं लक्षात ठेवायची गरज नाही. प्रत्येक वेळी हँडब्रेक पूर्ण, गाडी गियरमध्ये, आणि ज्या चाकाचं काम आहे त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला पुढून आणि मागून दोन्हीकडून दगड किंवा लाकडाचा ठोकळा. पुढचं डावं बदलताय तर मागच्या उजव्याला. रस्त्यावर दगड शोधत बसायला नको म्हणून मी दोन तिरके कापलेले ठोकळे डिकीतच ठेवतो. आणि रस्त्याला उतार असेल, अगदी थोडा सुद्धा, तर तिथे जॅक लावायचाच नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, हायवे आणि रात्र. याचं उत्तर जागेवर अवलंबून आहे, तुमच्यावर नाही, आणि इथे मी कोणालाच सवलत देत नाही. १०० च्या स्पीडने येणारी गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर कापते. म्हणजे तुम्ही ५० मीटर मागे इशाऱ्याचा ट्रँगल ठेवलात तर मागच्या ड्रायव्हरला तिथपासून तुमच्यापर्यंत दोन सेकंदसुद्धा मिळत नाहीत. चाकाशी खाली बसलेला माणूस अंधारात दिसत नाही, आणि तुमचं लक्ष नटाकडे असतं. त्यामुळे ट्रॅफिकच्या बाजूचं चाक पंक्चर असेल आणि साइडपट्टी अरुंद असेल, वळण असेल, पूल असेल, चढावाच्या पलीकडची जागा असेल, तर तिथे टायर बदलू नका, दिवसासुद्धा नाही. मी स्वतः अशा जागी मागे इशाऱ्याची गाडी लावल्याशिवाय काम करत नाही.

मग करायचं काय, तर गाडी पुढे न्यायची. लोक इथे रिमचा विचार करतात. हवा गेलेल्या टायरवर चालवलं तर टायर जाणार, रिमही खराब होऊ शकते, मान्य आहे. पण हजार्ड लाइट लावून, कडेकडेने, माणूस चालतो त्या स्पीडने दोन-तीनशे मीटर पुढे सपाट, रुंद, उजेडाची जागा मिळत असेल तर जायचंच. रिम नवीन मिळते. मात्र गाडी चालवताना टायर फुटला तर घाईत ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरायचं, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडायचा आणि गाडीचा स्पीड आपोआप उतरू द्यायचा, मग कडेला घ्यायची.

आणि तशी जागा मिळालीच नाही तर गाडीतले सगळे ट्रॅफिकच्या विरुद्ध बाजूच्या दाराने उतरा, बॅरियरच्या पलीकडे जा, गाडीपासून थोडं लांब आणि गाडी जिथून आली त्या दिशेला उभे राहा. कोणी मागून धडकलं तर तुमची गाडी पुढे ढकलली जाते, म्हणून गाडीच्या पुढे उभं राहायचं नाही. मग फोन करून मदत बोलवा आणि थांबा. यात कमीपणा काही नाही. ट्रँगल ठेवणं सेफ वाटत असेल तरच ठेवा, हायवेला गाडीच्या १०० मीटर तरी मागे, आणि ठेवायला जाताना येणाऱ्या गाड्या समोर दिसतील असं चालत जा, शक्यतो बॅरियरच्या आतून. रिफ्लेक्टर जॅकेट डिकीत नको, दाराच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे उतरायच्या आधी अंगात घालता येतं.

समजा जागा चांगली आहे, सपाट आहे, जमीन कडक आहे. आता नट. चाकावर प्लास्टिकची कॅप असेल तर ती आधी काढा. पाना नटावर पूर्ण आतपर्यंत बसवा, अर्धवट बसला तर तो निसटतो आणि नटाचे कोपरे झिजतात, मग तो नट कोणाच्याच बापाला सुटत नाही. चाकाकडे तोंड करून बसलात की पान्याचा दांडा तुमच्या डाव्या हाताला आडवा येईल असा लावा आणि खाली दाबा. आजकालच्या गाड्यांमध्ये आटे दोन्ही बाजूंना सारखेच असतात, घड्याळाच्या उलट फिरवलं की सुटतं, त्यामुळे गाडीच्या कुठल्याही बाजूला हीच पोझिशन. हाताने नाही सुटला तर उभं राहून, एक हात गाडीवर ठेवून, पाय पान्याच्या टोकाजवळ ठेवायचा आणि हळूहळू वजन द्यायचं. उड्या मारायच्या नाहीत, पाना सटकला की पायाचा घोटा जातो. कट्ट आवाज येऊन नट सुटतो, तेवढाच, पाव फेरा, फार तर अर्धा. सगळे नट तसे सैल करा पण काढायचा एकही नाही.

ताकदीचं म्हणालात त्याचा हिशोब सांगतो. छोट्या-मध्यम गाड्यांचे नट साधारण १०० न्यूटन मीटरच्या (हे पिळायच्या जोराचं माप) आसपास घट्ट करायचे असतात, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. गाडीबरोबर येणारा पाना पाव मीटरच्या आसपास असतो, म्हणजे १०० साठी त्याच्या टोकाला साधारण ४० किलोचा जोर लागतो. पाना अर्धा मीटर लांब असला तर तेच काम २० किलोत होतं. म्हणून मी सगळ्यांना लांब होणारा पाना घ्यायला सांगतो, त्याने निम्मं भांडण मिटतं. तरीही हलत नसेल तर समजा की मागच्या वेळी कोणीतरी हवेच्या गनने गरजेपेक्षा खूप जास्त आवळलेत, हे फार होतं. टायरचं काम करून घेतलं की घरी आल्यावर एक-एक नट स्वतः सैल करून परत बरोबर आवळून बघा, म्हणजे रस्त्यावर कळण्यापेक्षा दारात कळेल. काही गाड्यांना एक चोरी होऊ नये म्हणून वेगळा नट असतो आणि त्याची छोटी चावी असते, ती नसेल तर बाकी सगळं असूनही काम अडतं, तर ती कुठे आहे हे आजच बघून ठेवा.

नट सैल झाले की मग जॅक. चाकाच्या शेजारी, दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची उभी पट्टी असते, तिला ठरलेल्या ठिकाणी दोन खाचा किंवा खूण असते, पुढच्या चाकासाठी चाकाच्या लगेच मागे आणि मागच्या चाकासाठी चाकाच्या लगेच पुढे. जॅक तिथेच. प्लास्टिकच्या कडेवर नाही, फ्लोअरच्या पत्र्यावर नाही, इंजिनखाली तर नाहीच. इलेक्ट्रिक गाडीत फ्लोअरखाली बॅटरी असते, तिथे ही जागा चुकली तर नुकसान मोठं होतं. जमीन मऊ असेल किंवा उन्हाने डांबर नरम झालं असेल तर जॅकखाली जाड प्लायची फूटभर फळी द्या. जॅक आधी हाताने फिरवून खाचेला टेकवा, मग मागे सरकून दोन बाजूंनी बघा सरळ उभा आहे का. तिरका वाटला तर खाली घेऊन परत लावा, उचलता उचलता सरळ होईल असं कधीच होत नाही.

उचलायच्या आधी गाडीत कोणी बसलेलं नको, आणि स्टेपनी काढून गाडीच्या कडेखाली, जॅकच्या जवळ, आडवी सरकवून ठेवा. जॅक सटकलाच तर गाडी जमिनीवर न येता स्टेपनीवर अडते. चाकं बदलताना जुनं चाक तिथे जातं आणि स्टेपनी बाहेर येते. हात, पाय, डोकं, काहीही गाडीखाली जाऊ द्यायचं नाही, खाली पडलेला नट घ्यायलासुद्धा नाही, तो पान्याने बाहेर ओढा. उचलताना चाक लगेच सुटत नाही, आधी स्प्रिंग मोकळी होते, मग चाक उठतं, आणि पंक्चर चाक जमिनीपासून सुटलं की अजून चार-पाच सेंटीमीटर उचला कारण हवा भरलेलं चाक मोठं असतं. त्यापेक्षा जास्त नको.

आता नट बोटांनीच निघतील. एका जागी गोळा करून ठेवा, मी व्हील कॅपमध्ये ठेवतो. खूप दिवस चाक निघालं नसेल तर ते हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला, गंजून चिकटलेलं असतं, विशेषतः ॲलॉय. इथे लोक लाथा मारतात, आणि गाडी जॅकवर असते. तसं करू नका. चाक चिकटलेलं दिसलं की नट परत लावा, दोन फेरे सैल ठेवा, गाडी जॅकवरून खाली घ्या आणि बॉनेटच्या बाजूने किंवा मागून थोडी डुलवा. गाडीचं स्वतःचं वजन ते चाक सोडवतं. नट लावलेले असल्यामुळे ते पडत नाही. मग पुन्हा उचला. पाच मिनिटं जास्त जातील, जाऊ द्या. नुकतीच गाडी थांबवली असेल तर आतली ब्रेक डिस्क तापलेली असते, तिला हात लावू नका.

चाक चढवताना ते हातांनी उचलू नका, पंधरा-वीस किलोचं असू शकतं आणि कंबर धरते. चाकाच्या समोर बसा, दोन्ही बाजूंनी हात लावा आणि टायरखाली बुटाचं टोक घालून वर ढकला. गाडीत स्टड असतील म्हणजे हबमधून दांड्या बाहेर आलेल्या असतील तर सोपं आहे, चाक त्यांच्यावर अडकतं. काही गाड्यांमध्ये दांड्या नसतात, बोल्ट बाहेरून जातात, तिथे चाक तोलून धरून आधी वरचा बोल्ट लावायचा म्हणजे चाक लटकतं. नटाची निमुळती बाजू चाकाकडे. सगळे बोटांनी फिरतील तेवढे फिरवा, पहिले दोन-तीन आटे पान्याने कधीच नको, तिरका बसला की आटे गेले. मग पान्याने हलकंच टेकवा, एक झाला की शेजारचा नाही, समोरचा. चार नट असतील तर फुलीसारखं, पाच असतील तर चांदणी काढल्यासारखं. असं केलं तरच चाक हबला सपाट बसतं. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावायचं नाही, त्याने तोच जोर दिला तरी नट जास्त ताणला जातो.

आता चाक जमिनीला टेकेपर्यंत गाडी उतरवा, टेकलं की शेवटचं घट्ट करणं, त्याच क्रमाने दोनदा. इथे पान्यावर उभं राहू नका. ६५ किलोचा माणूस पाव मीटरच्या पान्यावर उभा राहिला की १६० न्यूटन मीटरच्या आसपास जातं, म्हणजे हवं त्यापेक्षा कितीतरी जास्त, स्टड ताणले जातात. गाडीच्या छोट्या पान्याला दोन्ही हातांचं वजन टाकून आवळा, लांब पाना असेल तर एका हाताने चांगलं घट्ट करा. घरी पोचलात की टॉर्क रेंचवर, म्हणजे किती जोराने आवळलंय ते मोजणाऱ्या पान्यावर, मॅन्युअलच्या आकड्याला तपासून घ्या, आणि ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर एकदा परत बघा, कारण चाक बसल्यावर नट थोडे सैल होऊ शकतात.

थोडक्यात क्रम असा: जागा, हँडब्रेक आणि गियर, ठोकळे, नट सैल, जॅक टेकवणं, स्टेपनी खाली, गाडी वर, चाक बदल, बोटांनी नट, गाडी खाली, मग घट्ट. तुमच्याकडून ठोकळे राहिले आणि नट-जॅक उलटे झाले, बस.

स्टेपनीचं एक सांगायचं राहिलं, कारण बरेचदा सगळं नीट करून शेवटी कळतं की स्टेपनीतच हवा नाही. न वापरता पडून असलेल्या टायरमधूनही दर महिन्याला एक-दोन पीएसआय हवा जाते. दर वेळी हवा भरताना डिकी उघडून तिचीही भरा. टायरवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवीकोरी दिसली तरी दहा वर्षांची स्टेपनी भरवशाची नाही. स्टेपनी बारीक असेल तर ती फक्त पंक्चरवाल्यापर्यंत पोचायला आहे, तिच्यावर स्पीडची मर्यादा लिहिलेली असते, बहुतेक ८०, आणि तिला हवा जास्त लागते, साधारण ६० पीएसआय. ती लावल्यावर ब्रेक आणि वळणं दोन्ही सांभाळून. स्टेपनीच नसेल आणि पंक्चर किट असेल तर ते फक्त टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागातल्या छोट्या भोकाला चालतं, बाजूची भिंत फाटली असेल तर किट वापरून वेळ घालवू नका, सरळ मदत बोलवा.

तुम्ही आता असं करा. हँडब्रेक ओढताना किती खटके येतात ते मोजा आणि मग सपाट जागी, गाडी न्यूट्रलमध्ये, फक्त हँडब्रेकवर ठेवून कोणाला तरी ढकलायला सांगा. गाडी हलली तर टायरची प्रॅक्टिस बाजूला ठेवून आधी हँडब्रेक ॲडजस्ट करून घ्या, ते काम छोटं आहे पण तोपर्यंत गाडी जॅकवर घ्यायची नाही. नाही हलली तर दोन ठोकळे लावून दिवसाउजेडी पहिल्यापासून परत करून बघा, आणि त्यानंतर एकदा संध्याकाळी डोक्याच्या टॉर्चवर. नट तरीही सुटले नाहीत तर पान्याची लांबी मोजून इथे लिहा आणि गाडीला स्टड आहेत की बोल्ट तेही सांगा, मग पुढचं बघू.